नाल्ट्रेक्सोन ५० मिलिग्रॅम: आठ-नऊ महिने घेतल्यावरचा अनुभव

सावदा-रावेर पट्ट्यात केळीच्या गाड्या भरून देण्याचा माझा धंदा. पेमेंट आलं तरी आमच्यात बसतात आणि बऱ्हाणपूरचा भाव पडला तरी बसतात. माझी क्वार्टरची हाफ झालेली होती. सकाळी हात थरथरत नव्हते, गाड्या वेळेवर निघत होत्या, पण संध्याकाळी सातनंतर घरात माझा कुणालाच उपयोग नव्हता. पूर्ण सोडायची तयारी नव्हती, कमी मात्र करायची होती. अशांसाठीही औषध असतं हे मला जळगावच्या मानसोपचार डॉक्टर मॅडमकडे गेल्यावर कळलं.

दारूची गोळी म्हटली की आपल्याकडे लोकांना एकच माहीत असते: ती घेऊन प्यायलं की तोंड लाल होतं, छाती धडधडते, उलट्या होतात. ते डायसल्फिराम. दारू पचताना तयार होणारं ॲसिटाल्डिहाइड ते शरीरात साठू देतं, म्हणून हा सगळा त्रास. भीतीवर चालणारं औषध आहे, आणि शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंतही प्यायल्यावर त्रास होऊ शकतो. ‘पिणाऱ्याला न सांगता जेवणातून द्या’ अशा पुड्यांच्या जाहिराती तुम्हीही पाहिल्या असतील. त्या पुडीत काय असतं ते देणाऱ्यालाही माहीत नसतं. आणि डायसल्फिराम गुपचूप दिलं तर माणूस बेसावधपणे पितो, रक्तदाब एकदम खाली जातो, कमजोर हृदयाचा माणूस दगावूही शकतो. घरच्यांची काळजी समजते, पण हे करू नका.

नाल्ट्रेक्सोन वेगळं. त्यावर प्यायलं तरी उलटी होत नाही. दारू पोटात गेली की मेंदूत एन्डॉर्फिन सुटतात आणि ते ज्या जागी जाऊन बसतात, त्या जागा ही गोळी आधीच अडवून ठेवते. मूळ औषध अफूवर्गीय व्यसनांसाठीचं. अमेरिकेत १९९४ मध्ये दारूसाठीही त्याला मंजुरी मिळाली. गोळी सुरू करण्याआधी मॅडमनी एलएफटी, म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी, करायला लावली, कारण लिव्हर फार बिघडलेलं असेल तर ही देत नाहीत. दुसरा प्रश्न अफूवर्गीय औषधांचा. ट्रॅमाडॉल, कोडीनचं खोकल्याचं औषध, असं काही घेता का? अंगात तसलं काही असताना ही गोळी घेतली तर तडक विथड्रॉवल होतो, म्हणजे नशा एकदम तुटल्यासारखा त्रास सुरू होतो.

सुरुवात अर्ध्या गोळीने. पहिला आठवडा मळमळ, डोकं जड, दुपारी अंगात आळस. उपाशीपोटी घेतली की जास्तच, म्हणून जेवणावर घ्यायला लागलो. मंडळी इथेच गोळी सोडून देतात असं माझं निरीक्षण आहे. पुढे मळमळ गेली.

परिणाम कळायला मला वेळ लागला, कारण मी काहीतरी जोरदार घडायची वाट बघत होतो. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी होती. पऱ्हाटीवर वांगी भाजली जात होती, कळण्याच्या पुऱ्या तळल्या जात होत्या आणि बाजूला बाटली. पहिला पेग नेहमीसारखा घेतला. दुसरा हातात बराच वेळ तसाच राहिला. निकाल माहीत असलेली मॅच बघावी तसं वाटत होतं. एरवी वांगी सालं काढायच्या आधीच माझा तिसरा पेग झालेला असायचा. त्या रात्री पुऱ्या गरम खाल्ल्या. “काय भो, तब्येत बरी नाही का?” असं दोघा-तिघांनी विचारलं. ॲसिडिटी झाली म्हणालो. खरं सांगितलं असतं तर रात्रभर तीच मस्करी चालली असती.

नशा मात्र चढते, हे नीट लक्षात घ्या. मजा कमी होते, पण दारू तेवढीच चढते. गोळी घेतली म्हणून मोटारसायकलवर बसायचं नाही.

आता जे गोळीने झालं नाही ते. सात ते नऊ या वेळेचं काय करायचं, हे कोणतंही औषध सांगत नाही. ओढ मंदावली तरी पाय त्याच टपरीकडे वळायचे, कारण मित्र तिथे. मॅडमनी दर भेटीत त्यावरच जास्त वेळ घालवला. कुणासोबत बसता, घरी किती वाजता जाता, रोजचं वहीत लिहा. बायकोने त्या वहीला ‘तुमचं खातं’ असं नाव दिलं, आणि माझ्या हिशेबाच्या वह्यांपेक्षा ती जास्त नीट आहे म्हणते. सध्या आठवड्यातले बहुतेक दिवस कोरे असतात. लग्नकार्य, हळद असेल तेव्हा मॅडमच्या सल्ल्याने तासभर आधी गोळी घेतो. सुरुवातीला रोज घ्यायचो. अक्षय तृतीयेला, आमच्या आखाजीला, पत्त्यांचा डाव रात्रभर चालतो. त्या रात्री गोळी घ्यायची विसरलो नाही, तरी चार पेग झालेच. म्हणजे हमखास इलाज म्हणून याकडे पाहू नका. २०२३ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये शंभराहून अधिक चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. त्यात हिशेब असा निघाला की साधारण ११ जणांनी ही गोळी घेतली तर त्यातल्या एकाचं पुन्हा बेसुमार पिणं टळतं. आकडा छोटा वाटतो, पण रक्तदाबाच्या गोळ्यांचे आकडे पाहिलेत तर त्यापुढे हा चांगलाच आहे.

गैरसोयी आहेत. तालुक्याच्या मेडिकलवर ती सहसा मिळत नाही, मागवावी लागते. एका दुकानात मुलाने चिठ्ठी वाचून मोठ्याने “दारूची गोळी का?” विचारलं, तेव्हापासून जळगावहूनच आणतो. स्वस्त नाही, पण क्वार्टरपेक्षा स्वस्त. उन्हाळ्यात मुतखड्याची कळ आली तेव्हा दवाखान्यात ट्रॅमाडॉलचं इंजेक्शन भरून तयार होतं. मी गोळीचं सांगितल्यावर डॉक्टरांनी डायक्लोफेनॅक दिलं. ट्रॅमाडॉल गोळीवर चाललंच नसतं. म्हणून पाकिटात चिठ्ठी ठेवतो. ठरवून ऑपरेशन असेल तर गोळी किती दिवस आधी बंद करायची ते आधी विचारून घ्या.

ज्याला सकाळी न प्यायल्यास थरथर सुटते, घाम येतो, त्याने माझं वाचून घरी गोळी सुरू करू नये. अशा माणसाची दारू एकदम बंद झाली की दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, आणि हे जिवावर बेतू शकतं. त्याला आधी भरती, थायमिनचं (बी-१ जीवनसत्त्वाचं) इंजेक्शन, उतरत्या डोसात झोपेच्या वर्गातल्या गोळ्या, आणि मग पुढचं. ज्यांना पूर्ण सोडायचीच आहे त्यांना बऱ्याचदा ॲकॅम्प्रोसेट देतात. माझ्या ओळखीचा एक भुसावळचा रेल्वेवाला तेच घेतो. ३३३ मिलिग्रॅमच्या दोन-दोन गोळ्या दिवसातून तीनदा, त्यामुळे त्याची मुख्य तक्रार गोळ्या मोजण्याचीच. त्यात लिव्हरऐवजी किडनी तपासतात.

जळगाव आणि धुळ्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजांत मानसोपचार विभाग आहेत. आधी फोनवर बोलायचं असेल तर टेलि-मानस १४४१६ हा मोफत नंबर मराठीतही चालतो. माझी पुढची एलएफटी पावसाळ्यात आहे, त्यानंतर डोस चालू ठेवायचा की थांबवायचा ते मॅडम ठरवणार. मला चालू ठेवायचा आहे.