माझं कानडी इतकं चांगलं कधी झालं?

निपाणीहून भावजयीचा फोन आला तो नवरात्रात. "वन्सं, तुम्ही कानडी कधी शिकलात?" मला वाटलं थट्टा करतेय. मी बेळगावात, शहापूरला राहते, लग्नाकार्याचे मांडे करून देते. माझं कानडी बाजारापुरतं: एष्टु, ब्याड, स्वल्प कम्मी माड्री, म्हणजे किती, नको, जरा कमी करा. त्यापुढं हात हलवूनच भागतं. पण तिनं पाठवलेल्या व्हिडिओत मी अस्सल धारवाडी कानडीत सांगत होते की, एक पावडर तीन महिने घेतली, शुगर गेली, गोळ्या बंद केल्या आणि आता रोज मांडा खाते. मागं माझंच स्वयंपाकघर, अंगावर माझीच निळी साडी. मला शुगर नाही, कधी नव्हती.

मग आषाढातला तो पोरगा आठवला. लगीनसराई संपलेली, चूल रिकामी. "काकू, तुमचे मांडे पुण्या-मुंबईला पोचवतो," म्हणाला. दोन हजार रुपये हातावर ठेवले. पालथ्या कढईवर मांडा टाकताना, घडी घालताना सगळं टिपलं. मग म्हणाला, जरा डावीकडं बघा, उजवीकडं बघा, हसा, आकडे म्हणा. शेवटी 'आवाजाची टेस्ट' म्हणून वीस मिनिटं पेपर वाचून घेतला. मांड्याच्या रीलला वीस मिनिटं पेपर कशाला वाचायचा, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. तुम्हाला कुणी असं वाचायला लावलं तर तिथंच थांबा. त्यावरूनच एआयचं मशीन तुमचा आवाज शिकतं.

सही मोबाइलवर घेतली, बोटानं. मजकूर सगळा इंग्रजीत. माझं बोट पिठाचं, स्क्रीनवर उमटेना. तर त्यानं खिशातला रुमाल काढून माझं बोट पुसलं. किती सज्जन पोरगा, असं मला वाटलं हो!

आणि जाताना ऑर्डरची वही मागितली. "तुमच्या गिऱ्हाइकांना रीलची लिंक पाठवतो." मी दिली. त्यानं पानापानाचा फोटो काढला. नावं, नंबर, गल्ली, गाव.

मांड्याची रील खरंच आली, चांगलीही होती. म्हणूनच संशय आला नाही.

पावडरीची जाहिरात कानडीत सगळीकडं फिरत होती, पण वहीतल्या लोकांना व्हॉट्सॲपवर वेगळीच आली, मराठीत. "नमस्कार, मी मांडेवाली काकू." येळ्ळूरच्या एक आजी आहेत, तीन नातींच्या लग्नात त्यांनी माझेच मांडे नेले. त्यांनी तीन डबे मागवले, २,७०० रुपये भरले आणि डॉक्टरांच्या गोळ्या सोडल्या. नवव्या दिवशी शुगर चारशेच्या वर. दवाखान्यात भेटायला गेले तर त्यांनी उशाचा डबा पुढं केला. "तू सांगितलंस म्हणून घेतलं की गे." जाहिरातीवर त्यांनी विश्वास टाकलाच नव्हता. टाकला तो माझ्यावर.

आता चूक नंबर दोन. भाच्यानं रागाच्या भरात व्हिडिओ रिपोर्ट केला, घरातल्या सगळ्यांकडून करवला. तो उडाला, आणि आमच्याकडं ना लिंक, ना पानाचं नाव. चार दिवसांनी दुसऱ्या नावानं पुन्हा आला तेव्हा शहाणे झालो: आधी लिंक, स्क्रीनशॉट, तारीख-वेळ, पैसे भरल्याची पावती, मग रिपोर्ट. आजींच्या पैशांसाठी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला, पण तिथं फोन लगेच जायला हवा. आम्ही उशीर केला. पैसे काही अजून आलेले नाहीत. तक्रार सायबर गुन्हे बघणाऱ्या सीईएन पोलीस स्टेशनला दिली, शिवाय ज्या साइटवर जाहिरात होती तिच्या तक्रार अधिकाऱ्यालाही. कृत्रिम चेहरा लावून केलेली तोतयागिरी काढून टाकणं २०२१ च्या आयटी नियमांनी त्यांच्यावर बांधलेलं आहे.

वकिलांनी पहिलं विचारलं, सही कशावर केलीत, प्रत आहे? नव्हती. ते म्हणाले, २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात संमती नेमक्या कामापुरतीच असते, आणि माहितीची नोटीस राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत, म्हणजे मराठीतही, मागता येते. मराठीत कागद मिळावा म्हणून इथं आमची पिढी भांडण्यात म्हातारी झाली, त्यामुळं मी ते दोनदा विचारून घेतलं. पण त्या कायद्याचे नियम निघाले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि ही कलमं लागू व्हायला तिथून १८ महिने. तोवर आधार आयटी कायद्याच्या ६६ क आणि ६६ ड चा: ओळख चोरणं आणि तोतया बनून फसवणं. दोन्हींना तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. वर, शुगर बरी करतो अशी जाहिरात करायलाच १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे, मग चेहरा खरा असो की खोटा.

मी म्हटलं, आशा भोसल्यांच्या आवाजाची नक्कल थांबवायला मुंबई हायकोर्टानं २०२५ मध्ये आदेश दिला, तेंडुलकरांचा खोटा व्हिडिओ २०२४ मध्ये त्यांनी स्वतः उघड केला. मांडेवालीचं कोण ऐकतंय? तर म्हणाले, खासगीपणाचा हक्क मूलभूत ठरवणारा २०१७ चा निकाल ज्या खटल्यात आला, तो घातला पुट्टस्वामींनी, आपल्याच कर्नाटक हायकोर्टाचे निवृत्त न्यायाधीश. तो हक्क काही फक्त नटांचा नव्हे.

हे सगळं खरं. पण पोलिसांनी विचारलं, "नंबर त्यांच्याकडं गेले कसे?" तेव्हा सांगावं लागलं, मी दिले. चेहरा माझा होता, तो मी दोन हजारांत विकला म्हणा. वही माझी नव्हती. तीत दीडशे घरं होती आणि त्यांना मी विचारलं नव्हतं. एकेकाला फोन करून सांगत बसले, आठ दिवस लागले. काहींनी उचललाच नाही. माझ्या नावाचा फोन, का उचलतील?

येळ्ळूरच्या आजींनी उचलला. आवाज ऐकून गप्प. मग म्हणाल्या, "तूच कशावरनं? कानडीत बोल बघू."

मी धीर करून म्हटलं, "आजी, गोळी सोडू ब्याड्री."

पलीकडं हसू फुटलं. "हां, ही तूच गे."