४०१७ की नॅनो? घरी सिक्वेन्सर बांधायचा तर

सिक्वेन्सर म्हणजे ठरवून दिलेले स्वर एकामागून एक आपोआप वाजवत राहणारं यंत्र. आठ स्टेपचा, म्हणजे आठ स्वरांचा, सिक्वेन्सर घरी बांधायचे दोन रस्ते सर्रास वापरात आहेत. एकात ५५५ टायमर पल्स देतो, सीडी४०१७ हा काउंटर प्रत्येक पल्सला एक स्टेप पुढे सरकतो आणि त्या स्टेपच्या पॉटवर (नॉबखालच्या बदलत्या रेझिस्टरवर) लावलेलं व्होल्टेज बाहेर पडतं. जगभर ‘बेबी एट’ किंवा ‘बेबी टेन’ म्हणून फिरणारं सर्किट ते हेच. दुसऱ्यात हे सगळं काम अर्डुइनो नॅनो हा कोड लिहून चालवायचा छोटा बोर्ड करतो. स्वर बाहेर जातात ते मिडीवरून (वाद्यांना नोट्स पाठवायची डिजिटल भाषा), नाहीतर आकड्याचं व्होल्टेज करणाऱ्या डॅक चिपमधून.

किमतीवरून निवड करू नका. दोन्हींत आयसीपेक्षा पॉट, नॉब, सॉकेट आणि डब्यावरच जास्त पैसे जातात. बघायच्या गोष्टी दोन: समोर वाजणारं वाद्य कोणतं आहे, आणि बांधलेलं चाललं नाही तर शोधाशोध करायला तुमच्या हाताशी काय आहे. दुसरी गोष्ट बहुतेक जण विचारातच घेत नाहीत आणि अर्धे प्रोजेक्ट तिथेच कपाटात जातात.

आधी वाद्याची मागची बाजू बघा

सिंथला (सिंथेसायझरला) १ व्होल्ट प्रति ऑक्टेव्हचं सीव्ही इनपुट असेल, म्हणजे व्होल्टेजवर स्वर ठरत असेल आणि एका व्होल्टला एक सप्तक वर जात असेल, तर दोन्ही रस्ते मोकळे. फक्त पाच पिनी मिडी सॉकेट असेल, जसं कॉर्गच्या व्होल्का कीजला आहे, तर ४०१७ मधून निघणाऱ्या व्होल्टेजचा त्याला सुरांसाठी काही उपयोग नाही. नॅनोच घ्या.

तिसरी परिस्थिती घरोघरी आहे: कीबोर्डला मिडीचं गोल सॉकेट नाही, फक्त यूएसबी. ते पोर्ट कॉम्प्युटरला जोडण्यासाठी असतं, तिथे नॅनो लावून काही होत नाही. क्लोन नॅनोवरची सीएच३४० चिप लॅपटॉपलाही साधा सीरियल पोर्ट म्हणून दिसते, मिडी म्हणून नाही. अशा वेळी एटीमेगा३२यू४ चिपवाला प्रो मायक्रो किंवा लिओनार्डो घ्यायचा. तो लॅपटॉपला मिडी उपकरण म्हणून दिसतो, आणि लॅपटॉप पुढे कीबोर्डला नोट्स पाठवतो. मधे लॅपटॉप नको असेल तर यूएसबी होस्टची वेगळी भानगड आली. पहिल्याच प्रोजेक्टला ती गळ्यात घेऊ नये.

सीव्हीवाल्यांसाठी सुरेलपणाचा हिशोब वेगळा. ४०१७ ला १२ व्होल्ट दिले, पॉटचे आउटपुट एकत्र आणणाऱ्या डायोडचे ०.६ वजा केले, तर पॉटच्या पूर्ण फिरण्यात ११ व्होल्टच्या वर मिळतात. पॉट साधारण ३०० अंश फिरतो. म्हणजे एका अंशाला सुमारे ३८ मिलिव्होल्ट. सेमिटोन आहे ८३ मिलिव्होल्टचा. नॉब दोन अंश सरकला की सा चा कोमल रे झाला! रेंज ५ व्होल्टपर्यंत आणलीत तर एका सेमिटोनला पाच अंश मिळतात, मग कानाने लावता येतं, पण रोज लावावं लागतं. नॅनोबरोबर एमसीपी४८२२ हा डॅक घेतला तर त्याचं आतलं २.०४८ व्होल्टचं रेफरन्स दुप्पट गेनवर ४.०९६ होतं आणि १२ बिटमध्ये बरोबर १ मिलिव्होल्टची एक पायरी पडते. चार ऑक्टेव्ह नीट सुरात. शिवाय भूप हवा असेल तर सा रे ग प ध सोडून दुसरा स्वर लागूच नये, हे कोडमध्ये चार ओळींत सांगता येतं.

मग ४०१७ कशाला? कारण तो हाताला लागतो. क्लॉक वाढवत वाढवत हजारो हर्ट्झवर नेलात की सिक्वेन्सरचाच ऑसिलेटर होतो आणि आठ पॉट त्याच्या लाटेचा आकार बदलू लागतात. नॅनोला हे इतकं सहज जमत नाही. मिडीवर तर एक नोट पाठवायलाच जवळपास १ मिलिसेकंद जातो.

बाजार

४०१७ ची अख्खी यादी एका फेरीत मिळते. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतल्या पासोड्या विठोबाच्या आसपासची दुकानं. रविवारी बहुतेक बंद असतात. काउंटरवर गर्दीत सर्किट समजावून सांगायच्या फंदात पडू नका. कागदावर नंबर आणि नग लिहून न्या, माणूस डबे उघडून भराभर काढून देतो. दिलेलं मात्र तिथेच वाचून घ्या, कारण फसगत नंबरातच असते.

‘फोर झीरो वन सेव्हन’ मागितलं की कधी सीडी४०१७ मिळतो, कधी ७४एचसी४०१७. पिना सारख्याच. पण सीडीवाला १५ व्होल्टपर्यंत निवांत चालतो आणि एचसीवाला ६ व्होल्टचा गडी. ९ व्होल्टची बॅटरी लावली की गेला. पॉटवर बी१००के असायला हवं, ए१००के नको. बी म्हणजे लिनियर, ए म्हणजे व्हॉल्यूमसाठीचा लॉग. ए घेतलात तर नॉबच्या एका बाजूला सगळे स्वर एकमेकांत दाटतात. पॉटचा शाफ्ट दातेरी आहे की डी आकाराचा हे बघून नॉब तिथेच बसवून पाहा. आयसी बेस घ्याच, आणि ४०१७ व ५५५ प्रत्येकी दोन-तीन जास्तीचे. एवढ्या स्वस्त वस्तूवर संशय घेऊन तासभर घालवण्यापेक्षा ती बदलून बघितलेली बरी.

नॅनोच्या यादीत नग कमी, पण ती एका गल्लीत पुरी होत नाही. नॅनोचे क्लोन, ७४एचसी५९५ हे शिफ्ट रजिस्टर, टॅक्ट स्विच कुठेही मिळतात. एमसीपी४७२५ या दुसऱ्या डॅकचं तयार मॉड्यूलही. एमसीपी४८२२ मात्र काउंटरवर क्वचित सापडतो. तो माउझर, डिजीकी, एलिमेंट१४ यांच्याकडून मागवावा लागतो. परदेशातून पार्सल येणार असेल तर शिपिंग, कस्टम्स आणि जीएसटी मिळून चिपच्या किमतीच्या कितीतरी पट होतात, म्हणून अशी ऑर्डर दोघा-चौघांनी मिळून टाकावी. युरोरॅकवाले (मॉड्यूलर सिंथवाले) वापरतात ते उभे साडेतीन एमएमचे थाँकीकॉन जॅकही याच वर्गातले. पॅनेलला नटाने बसणारे साधे मोनो सॉकेट वायरने जोडा, आवाजात फरक पडत नाही.

मिडीचं गोल सॉकेट घेताना पाच पिना अर्धवर्तुळात, म्हणजे १८० अंशांत, आहेत ना ते पाहा. पाच पिनी डिनचे, म्हणजे अशा गोल सॉकेटचे, दुसरेही प्रकार येतात आणि त्यांत मिडीची केबल बसत नाही. जुन्या टेपडेकमागचं ऑडिओचं पाच पिनी सॉकेट बहुधा हेच असतं, भंगारात दिसलं तर उचला.

न चालल्यावर: ४०१७

इथे ४०१७ चं पारडं जड आहे. त्याचं बिघडणं डोळ्यांना दिसतं आणि बहुतेक दुखणी मल्टिमीटरने पकडता येतात.

आठही एलईडी एकदम मंद पेटलेल्या दिसतात? सर्किट बहुधा बरोबर चाललंय, फक्त फार जोरात. ५५५ ला १० के आणि ८५ के चे रेझिस्टर आणि १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला तर ८ हर्ट्झ मिळतात, म्हणजे १२० बीपीएमला सोळाव्या नोट्स. १ मायक्रोच्या कपॅसिटरवर १०५ छापलेलं असतं. त्याजागी १०३ बसला असेल तर वेग शंभरपट, ८०० हर्ट्झ, आणि डोळ्याला सगळंच पेटलेलं दिसतं.

एलईडी उड्या मारत पेटतात? ४०१७ च्या पिना ओळीने नाहीत. पहिला आउटपुट पिन ३ वर, मग २, ४, ७, १०, १, ५, ६. आठ स्टेपनंतर परत फिरवायला नववा आउटपुट, पिन ९, हा पिन १५ च्या रिसेटला जोडायचा. पिन १३ ग्राउंडला. हे १३ आणि १५ मोकळे राहिले तर सिक्वेन्सर मनाला येईल तसा थांबतो, सुरू होतो, बोट जवळ नेलं तरी वागणूक बदलते. बोटाने फरक पडतोय म्हणजे कुठलातरी इनपुट तरंगतोय, हे पक्कं धरा.

स्टेप गाळत असेल तर सप्लाय बघा. साधा एनई५५५ आउटपुट बदलताना सप्लायवर जोरात झटका देतो आणि ४०१७ त्यालाच पल्स समजतो. प्रत्येक आयसीच्या सप्लायच्या पिनांशी चिकटून ०.१ मायक्रोचा कपॅसिटर लावा, ५५५ जवळ १०० मायक्रोचा. तरी नाही थांबलं तर टीएलसी५५५ ही ५५५ चीच सीमॉस आवृत्ती बसवा.

व्होल्टेज अपेक्षेपेक्षा बरंच कमी येत असेल तर दोषी बहुतेक एलईडी. ४०१७ चा आउटपुट थोडेच मिलिअँपिअर देऊ शकतो. त्यावरच थेट एलईडी लावली की व्होल्टेज खाली ओढलं जातं आणि पॉटला उरलंसुरलं मिळतं. एलईडी बीसी५४७ ट्रान्झिस्टरमधून पेटवा. आणि सगळे स्वर एकमेकांना चिकटून वाजत असतील तर तो बिघाडच नाही: एक स्टेप संपते त्याच क्षणी दुसरी सुरू होते, गेटला (स्वर कधी सुरू, कधी बंद ते सांगणाऱ्या सिग्नलला) मधे खालीच यायला मिळत नाही. गेट क्लॉकबरोबर सीडी४०८१ या अँड गेटच्या चिपमधून काढलात की स्वर सुटे होतात.

शोधताना क्लॉकचा कपॅसिटर १० मायक्रोचा करा. स्टेप सव्वा सेकंदाला एक सरकते, मीटरचा प्रोब एकेका पिनवर आरामात ठेवता येतो.

न चालल्यावर: नॅनो

इथे आधी ठरवावं लागतं, चूक वायरमध्ये आहे की कोडमध्ये. हे वेगळं करायची सवय नसेल तर माणूस दोन्हीकडे एकदम हात घालतो आणि चालणारंही बिघडवतो. म्हणून पहिलं काम: एकच नोट दर सेकंदाला वाजवणारं दहा ओळींचं स्केच, म्हणजे प्रोग्रॅम. ते वाजलं तर वायर बरोबर. नाही वाजलं तर डिनच्या पिन ४ आणि ५ मध्ये एक एलईडी धरा, अॅनोड ४ कडे. नोटगणिक मिणमिणली तर सिग्नल निघतोय. एलईडी उलटी धरल्यावरच मिणमिणली, तर ४-५ ची अदलाबदल झाली असणार. सॉकेट समोरून बघून मागून सोल्डर केलं की हे होतंच. सीरियलचा वेग ३१२५० लिहिलाय ना, तेही बघा.

कोड चढतच नसेल तर क्रमाने: केबल फक्त चार्जिंगची आहे का, सीएच३४० चा ड्रायव्हर आहे का, अर्डुइनो आयडीई या कोड चढवायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘ओल्ड बूटलोडर’ निवडून फरक पडतो का. मिडी इनचा ६एन१३८ हा ऑप्टोकपलर डी० पिनला जोडलेला असेल तर अपलोड करताना तो सोडवावा लागतो, कारण यूएसबीही तीच पिन वापरतं. तिथे एक स्विचच टाकून द्या.

खरी गोची पिनांच्या हिशोबात आहे. नॅनोला आठ अॅनालॉग पिना, तुमचे आठ पॉट. जमलं असं वाटतं. पण ए४ आणि ए५ याच आयटूसीच्या (दुसऱ्या चिपशी दोन तारांवर बोलायच्या) पिना आहेत, आणि एमसीपी४७२५ किंवा ओलेड स्क्रीन लावायची तर त्या हव्यातच. पॉट सीडी४०५१ या अनेकांतून एक निवडणाऱ्या अॅनालॉग स्विचवरून वाचा, नाहीतर वेगळ्या पिनांवरच्या एसपीआयवर चालणारा एमसीपी४८२२ घ्या. एमसीपी४७२५ ची आणखी एक खोड: तो सप्लायलाच रेफरन्स मानतो. यूएसबीचे ५ व्होल्ट एलईडी पेटल्यावर ४.८ झाले की सगळे सूर उतरतात, आणि तुम्ही सिंथ ट्यून करत बसता.

स्क्रीनचा मोह तर आवराच. १२८ बाय ६४ च्या ओलेडचं पूर्ण चित्र म्हणजे १०२४ बाइट. नॅनोची रॅमच २०४८. शिवाय ४०० किलोहर्ट्झवर ते पाठवायला २३ मिलिसेकंद लागतात, आणि १२० बीपीएमला मिडी क्लॉकचा एक टिक असतो २०.८ मिलिसेकंदांचा. दर वेळी अख्खी स्क्रीन काढलीत तर लय अडखळणारच. आठ एलईडी पुरे आहेत.

तिसरा रस्ता

थॉर्स्टन क्लोझे यांचा मिडीबॉक्स एसईक्यू व्ही४ हा घरी बांधायचा मोठा सिक्वेन्सर बघून अनेकांना थेट तिथेच उडी मारावीशी वाटते. सोळा ट्रॅक, ४० अक्षरी दोन ओळींचे दोन एलसीडी, एसटीएम३२एफ४ डिस्कव्हरी बोर्डावर चालणारा मेंदू. वाद्य अफाट आहे. पण त्याचे पीसीबी बाहेरून येतात, शेकडो सोल्डर जोड आहेत, आणि एक शिफ्ट रजिस्टर रुसलं की त्यापुढची साखळी गप्प होते. आधी एक छोटा सिक्वेन्सर पुरा करून मग याच्याकडे वळा.

माझा कौल

मिडीचं वाद्य असेल आणि थोडंफार कोड वाचता येत असेल तर नॅनो, बिनस्क्रीनचा. सीव्ही सिंथ आहे आणि ठरावीक सुरांत वाजवायचं आहे, तर नॅनो आणि एमसीपी४८२२. सीव्ही सिंथ आहे पण सुरांपेक्षा आवाजाशी खेळायचं आहे, किंवा हाताशी मल्टिमीटर सोडून काही नाही, तर ४०१७. आणि वाद्यच नसेल तरी ४०१७: त्याच बोर्डवर ५५६ चा (एका चिपमध्ये दोन ५५५) अटारी पंक कन्सोल हे आवाज काढणारं साधं सर्किट बांधा, स्टेपचं व्होल्टेज त्यातल्या ऑसिलेटरच्या कंट्रोल पिनला, म्हणजे पिन ३ ला द्या. १ व्होल्ट प्रति ऑक्टेव्हचं गणित तिथे लागूच होत नाही, कानाला बरं वाटेल तिथे नॉब सोडायचा.