डावी खिडकी की उजवी, पंखाच्या पुढे की मागे?

विमानात खिडकीची जागा मिळाली म्हणजे दृश्य मिळालंच, असं नाही. सगळा प्रवास पंखाचा पत्रा बघत काढलेल्या कुणालाही हे पटेल. सीट निवडताना बहुतेक जण आधी रांग बघतात. मी म्हणेन, आधी बाजू ठरवा. रांग चुकली तर थोडं अडतं, बाजू चुकली तर सगळंच हुकतं.

बाजू ठरवायला नकाशा पुरतो. जायच्या दिशेला तोंड आहे असं धरा आणि डोंगर किंवा किनारा कुठल्या हाताला येतो ते बघा. दिल्लीहून काठमांडूला जाताना विमान साधारण पूर्वेकडे जातं, हिमालय उत्तरेला राहतो, म्हणून डावी खिडकी. परतताना तोच हिमालय उजवीकडे. लिमाहून सँतियागोला दक्षिणेकडे जाताना अँडीज डाव्या हाताला. ११ किलोमीटर उंचीवरून क्षितिज जवळपास ३७० किलोमीटरवर असतं, त्यामुळे मार्गापासून बरीच दूर असलेली शिखरंही दिसतात, पण त्याच बाजूने. 'ए' म्हणजे डावी खिडकी. उजवीकडची खिडकी ३-३ सीटांच्या विमानात 'एफ', रुंद विमानांत बहुधा 'के'.

मार्गात ठरावीक असं काही बघायचं नसेल, तर ऊन बघून ठरवा. उन्हाच्या बाजूला खिडकीवरचा प्रत्येक ओरखडा उजळतो, खालचं धुरकट दिसतं आणि शेजारचा माणूस पडदा ओढायला सांगतो. नद्या आणि तळी एकामागून एक चकाकत जातात ती मात्र याच बाजूला, आणि सूर्यास्तही इथूनच. तरी मी सावलीची बाजूच घेईन. जमिनीचे रंग तिथे खरे दिसतात, आणि खाली ढगांचा थर असेल तर विमानाच्या सावलीभोवती इंद्रधनुष्यासारखं गोल कडं दिसतं. ते सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला पडतं, म्हणून पलीकडच्या प्रवाशांना दिसतच नाही. सावली पुरेशी मोठी असेल तर कड्याचा मध्य नीट बघा. सावलीत तुमची खिडकी जिथे येते, नेमका तिथेच तो असतो. मागच्या रांगेतल्या माणसाला त्याच्या खिडकीशी दिसतो. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी कितीतरी वेळ काचेला नाक लावून बसलो होतो.

आता रांग. पंखाच्या पुढची सगळ्यात चांगली: खाली, समोर, बाजूला मोकळं. पंखाच्या मागे खालचं दिसतं, पण इंजिनातून निघणाऱ्या गरम हवेमुळे दृश्य थरथरतं. डोळ्यांना ते फारसं जाणवत नाही, फोटोत मात्र कडा पुसट येतात. फोटोच काढायचे असतील तर पुढे बसा किंवा अगदी शेवटच्या रांगा बघा. पंखावरची रांग टाळाच; उतरताना पंखाचे भाग कसे उघडतात हे बघायची हौस असेल तर गोष्ट वेगळी. एटीआर ७२ सारख्या विमानात पंख डोक्यावर असतो, खालचं काहीच अडत नाही. तिथे मागच्या रांगा उत्तम, कारण पुढे बसलं की इंजिनाचे फिरते पंखे आड येतात.

एक सापळा लक्षात ठेवा. बोइंग ७३७ मध्ये पंखाच्या थोडं पुढे एखाद्या रांगेला खिडकीच नसते, कारण तिथून भिंतीत हवेची नळी जाते. नकाशावर ती सीट खिडकीची म्हणूनच दिसते. रांगेचा क्रमांक प्रत्येक कंपनीच्या मांडणीप्रमाणे बदलतो, म्हणून त्या विमानाचा तपशीलवार सीट मॅप आधी बघून घ्या.

उतरताना शहर कुठल्या बाजूला दिसेल, यावर मात्र पैज लावू नका. विमान शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून उतरतं, आणि वारा फिरला की धावपट्टीची दिशाही बदलते. त्यामुळे बाजू निवडताना मधल्या प्रवासाला महत्त्व द्या. पुढची रांग चुकीच्या बाजूला आणि मागची बरोबर बाजूला, एवढंच शिल्लक असेल तर मी डोळे मिटून मागची घेईन.