जुन्या पिकअपचा गिअरबॉक्स: आपलाच उघडायचा, भंगारातला बसवायचा की गाडीच विकायची?

"बॉक्स गेला भाऊ, जुन्यातला पाहा एखादा." नागपूरच्या काटोल रोडवर दहा-बारा वर्षं जुनी पिकअप चालवणाऱ्या बहुतेकांनी हे कधी ना कधी ऐकलेलं असतं. मीही ऐकलं. माझी पिकअप २०१२ ची, एमएच ४० पासिंगची. हंगामात काटोल-नरखेडहून कळमना मार्केटला संत्रा वाहायचा आणि बाकी वर्षभर मिळेल ते भाडं करायचं. दुसरा गिअर टाकताना कर्र व्हायचं, रिव्हर्स तर ओरडल्याशिवाय पडायचाच नाही. पहिल्या मिस्त्रीने गाडी न उघडता निकाल दिला. दुसऱ्याने खाली वाकून पाहिलं, तर क्लचच्या स्लेव्ह सिलिंडरमधून (पेडल दाबलं की ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणारा छोटा सिलिंडर) ऑइल झिरपत होतं. त्याने किट बदलली, लाइनमधली हवा काढली आणि तासाभरात गिअर लोण्यासारखे पडायला लागले. बॉक्सला हातही लावावा लागला नाही.

म्हणून पर्यायांची तुलना करण्याआधी दोष खरोखर बॉक्समध्येच आहे का, ते घरीच पाहून घ्या. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहा. बंद गाडीत अलगद पडतात आणि चालू गाडीत अडतात, तर क्लच पूर्ण सुटत नाही असं समजा. पेडल दोनदा पंप केल्यावर गिअर पडत असेल तर लाइनमध्ये हवा आहे किंवा सिलिंडर थकला आहे. याउलट एकच गिअर कर्र करतो आणि बाकीचे नीट पडतात, तर त्या गिअरचा सिंक्रो कोन, म्हणजे गिअर पडताना दोन्हीकडचा वेग जुळवणारी पितळी कडी, झिजला आहे. चढावर रेस वाढते पण वेग वाढत नाही, जळका वास येतो, तर क्लच प्लेट संपली आहे. छिंदवाडा रस्त्यावरचा सिल्लेवानी घाट भरल्या गाडीने चढताना हे लगेच कळतं.

आता आवाज. गाडी उभी, इंजिन चालू, न्यूट्रल. घरघर येते आणि क्लच दाबताच थांबते, तर बॉक्समधलं बेअरिंग गेलं आहे. क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होतो, तर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग गेलं आहे. आणखी एक खूण मला फार उपयोगी पडली. अशा पाच गिअरच्या बहुतेक बॉक्समध्ये चौथा गिअर थेट असतो, म्हणजे ताकद लेअर शाफ्टमधून (बॉक्समधला खालचा जोडशाफ्ट) न फिरता सरळ मागे जाते. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि पाचव्यात आवाज आहे पण चौथ्यात गाडी शांत होते, तर लेअर शाफ्टची बेअरिंग तपासायची. गाडी उचलताना किंवा रिव्हर्स घेताना एकदाच 'टक्' होतं, ते प्रोपेलर शाफ्टच्या (बॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा) क्रॉसचं, म्हणजे सांध्याचं काम. खड्ड्यात गिअर निसटतो, तर आधी बॉक्सचं माउंटिंग बघा. रबर कुजलेलं असतं आणि आपण लाखाच्या गोष्टी करत बसतो.

एवढं करूनही बोट बॉक्सकडेच जात असेल, तर उतरवण्याआधी ऑइल काढून बघा. तीन वर्षांनी माझ्या गाडीचा तिसरा गिअर खरोखर बिघडला, तेव्हा वाडीच्या मिस्त्रीने ड्रेन नट खोलला, त्याच्या चुंबकावरचा चिखल बोटावर घेतला आणि उन्हात धरला. करड्या लेपात सोनेरी चुरा चमकत होता. "पितळ आहे जी, लोखंड नाही. दात वाचले तुमचे," तो म्हणाला. करडा लेप जुन्या गाडीत असतोच. सोनेरी चुरा सिंक्रो कोनचा. पोलादाचे चपटे तुकडे बेअरिंगचे किंवा दाताचे असतात आणि ते दिसले की खर्च वाढतो. ऑइल दुधाळ निघालं तर आत पाणी गेलं आहे. पावसाळ्यात नाल्यातून गाडी काढली की असं होतं. आपल्याकडच्या काळ्या मातीने ब्रीदर, म्हणजे बॉक्सवरचं हवा जायचं छोटं भोक, बुजतो, मग आत दाब वाढून सील गळायला लागतं. ब्रीदर साफ करायला पाच मिनिटं पुरतात आणि तरी ते कोणी करत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता निवड. बॉक्स उतरवून चढवण्याची मजुरी आपला उघडा किंवा दुसरा बसवा, दोन्हीकडे सारखीच. म्हणजे तुलना उरते ती आत काय घालणार आणि गाडी किती दिवस उभी राहणार, याची.

भंगारातला बॉक्स एका दिवसात बसतो. हंगाम ऐन भरात आहे, शेतकरी रोज फोन करतोय, तेव्हा हा मोह मोठा असतो आणि मी त्याला चूक म्हणणार नाही. पण त्या बॉक्सचं आयुष्य तुम्हाला माहीत नसतं. माझ्या मावसभावाने असाच एक घेतला, महिनाभर छान चालला, मग पाचवा गिअर निसटायला लागला. विकणाऱ्याने बोलीप्रमाणे दुसरा बॉक्स दिलाही, पण उतरवायची-चढवायची मजुरी पुन्हा भावाच्याच खिशातून गेली आणि दोन भाडी बुडाली. गॅरंटी फक्त वस्तूची असते, मजुरीची नाही, हे आधी स्पष्ट बोलून घ्या. घ्यायचाच असेल तर इनपुट शाफ्ट, म्हणजे क्लचकडून बॉक्समध्ये जाणारा दांडा, हाताने फिरवा. खरखर लागते का पाहा आणि शाफ्ट वर-खाली हलवून ढिलाई तपासा. पाचही गिअर आणि रिव्हर्स टाकून फिरवा. वरचं झाकण उघडायला लावा आणि दात स्वतः बघा. जो उघडू देत नाही त्याच्याकडून घेऊ नका. मॉडेल आणि साल जुळवा. क्लच प्लेट ज्यावर सरकते त्या खाचा मोजा, बॉक्सच्या मागच्या शेपटाची लांबी जुळवा. आरसीवर इंजिन आणि चेसी नंबर असतो, गिअरबॉक्सचा नसतो. त्यामुळे कागदाची अडचण येत नाही, पण चोरीचा माल गळ्यात पडू नये म्हणून पक्कं बिल मागा.

आपलाच बॉक्स उघडायला तीन-चार दिवस लागतात, कधी सुट्या भागासाठी आठवडा. तरी पितळेचा चुरा किंवा बेअरिंगचा आवाज एवढंच दुखणं असेल तर माझं मत ठाम आहे: आपलाच उघडा. मी तेच केलं. हाउसिंग आणि शाफ्ट आपल्या गाडीत वर्षानुवर्षं बसलेले असतात, त्यांचा इतिहास आपल्याला ठाऊक असतो. अट एकच, अर्धवट काम नको. एक बेअरिंग आवाज करतं म्हणून तेवढंच बदलणं म्हणजे सहा महिन्यांनी पुन्हा तीच मजुरी. सगळी बेअरिंग, सगळी सील आणि दुसऱ्या-तिसऱ्याचे कोन एकाच वेळी घाला. शहरातल्या चालवण्यात दुसऱ्या-तिसऱ्याचेच कोन सर्वांत जास्त झिजतात. दात तुटला असेल तर त्या गिअरबरोबर त्याच्या जोडीचा गिअरही बदला, कारण जुना आणि नवा दात एकमेकांना खातात. बॉक्स खाली आहेच, तर क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि इंजिनचं मागचं ऑइल सील तेव्हाच पाहून घ्या. उघडलेला बॉक्स बघायला स्वतः जा, जुने भाग घरी आणा.

हाउसिंगलाच तडा गेला असेल किंवा मेन शाफ्टच खाल्ला गेला असेल, तर मात्र हिशोब उलटतो. तेव्हा जुन्यातला नीट पाहून घेतलेला बॉक्सच परवडतो. कंपनीचा नवा बॉक्स इतक्या जुन्या गाडीत मला पटत नाही. इंजिन नुकतंच बांधलं असेल आणि अजून पाच वर्षं गाडी ठेवायचीच असेल, तरच त्याचा विचार करा.

आणि विकणं? आवाज करणारी गाडी बाजारात नेली तर घेणारा दुरुस्तीच्या खर्चाहून जास्त पैसे कापतो, कारण त्यालाही आत काय आहे ते माहीत नसतं. त्यामुळे फक्त बॉक्ससाठी गाडी काढू नका. चेसी गंजली आहे, स्प्रिंगचे पाटे बसले आहेत, इंजिन धूर सोडतंय आणि त्यात बॉक्स, असं असेल तर काढा. वयाचा हिशोब वेगळा. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी आरटीओचं फिटनेस प्रमाणपत्र लागतं, आणि १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या गाड्यांची फी बरीच वाढली आहे. गाडी १४ वर्षांची असेल तर बॉक्सवर खर्च करण्याआधी आरटीओत पुढच्या फिटनेसची सध्याची फी विचारून या.

माझ्यासारखं आपलाच बॉक्स बांधायचं ठरलं, तर वेळ मृग बहाराचा संत्रा संपल्यावर, म्हणजे मे-जूनमध्ये काढा. ऑक्टोबरपासून आंबिया बहाराचा संत्रा सुरू होतो, त्याआधी गाडी तयार असायला हवी. ऑइल भरताना डब्यावर काय लिहिलंय ते वाचा. गाडीच्या पुस्तकात जीएल-४ (गिअर ऑइलचा एक प्रकार) सांगितलं असेल तर जीएल-५ घालू देऊ नका. त्यातली रसायनं नव्या पितळी कोनांना खाऊ शकतात. पहिले ५०० किलोमीटर कमी माल भरा, मग ऑइल गरम असताना काढून पुन्हा एकदा चुंबक बघा. माझ्या नटावर तेव्हा करडा लेप होता, सोनेरी काही नव्हतं.