मोठा फोन एका हातात धरायचा तर रिंग, पॉप की पट्टा? नागपूरच्या उन्हाळ्यात वापरून लिहिलेलं

सरळ सांगतो, फोन साडेसहा इंचाच्या वर असेल आणि दिवसभर एकाच हाताने चालवायचा असेल तर मागे गोंदाने चिकटवायची कोणतीही वस्तू घेऊ नका, कव्हरमधून ओवलेला इलास्टिकचा पट्टा घ्या. रिंग, पॉप, मॅग्नेटवालं, मनगटाची दोरी, सगळं वापरून झालंय म्हणून लिहून राहिलो, कारण आपल्याकडच्या मे महिन्यात ह्या वस्तूंचं काय होतं ते रिव्ह्यूच्या व्हिडिओत कोणी सांगत नाही.

माझं काम गांधीबागेत, औषधांच्या होलसेलमध्ये. एका हातात खोका नाहीतर बिलांची फाईल, दुसऱ्या हातात फोन. बॅच नंबरचा फोटो काढा, एक्स्पायरी पहा, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, तेवढ्यात कोणाचा तरी कॉल. फोन 6.7 इंचाचा, कव्हरसकट सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास. 2007 चा पहिला आयफोन साडेतीन इंची आणि 135 ग्रॅमचा होता, 2011 मध्ये सॅमसंगचा 5.3 इंची नोट आला तेव्हा एवढं धूड हातात धरायचं कसं म्हणून चर्चा झाली होती, आता तेवढा लहान फोन दुकानात शोधून सापडत नाही. हात मात्र तेवढेच राहिले नं. अंगठा वरच्या कोपऱ्यापर्यंत पोचत नाही म्हणून आपण पकड सैल करून अंगठा ताणतो, मग वरचा भाग पुढे झुकायला लागतो आणि सगळा भार खालून टेकू दिलेल्या करंगळीवर येतो. संध्याकाळी करंगळीच्या आतल्या बाजूला चार्जिंग पोर्टच्या कडेचा वळ उमटलेला असतो, बोट सरळ केलं की ठणकतं. तेव्हा ग्रिप फक्त फोन पडू नये म्हणून नाही, करंगळीला सुट्टी मिळावी म्हणून लागते, आणि कोणती वस्तू चांगली हे मी त्याच्यावरूनच ठरवतो.

आधी पॉप, म्हणजे फोनच्या मागे चिकटवायचा, ओढला की बाहेर येणारा गोल गोटा. ही कल्पना डेव्हिड बार्नेट नावाच्या अमेरिकेतल्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाची, इअरफोनच्या वायरीचा गुंता होतो म्हणून त्याने फोनच्या मागे कपड्यांची दोन मोठी बटणं चिकटवली होती, त्यातून पुढे 2014 ला पॉपसॉकेट बाजारात आलं. पकड म्हणाल तर एक नंबर. दोन बोटांच्या मध्ये दांडा आला की फोन हलत नाही, अंगठा कुठेही पोचतो, फोटो काढताना तर फारच छान. आपल्या सीताबर्डीला फुटपाथवर पन्नास-शंभरात त्याच्यासारखे ढिगाने मिळतात. पण जीन्सच्या खिशात अडकतो, टेबलावर फोन डुगडुगतो, गाडीच्या मोबाईल होल्डरमध्ये बसत नाही, आणि मुख्य म्हणजे गोंद.

गोंदाचं नीट सांगतो. पारा 45 च्या वर गेला आणि फोन दुपारी गाडीच्या डिकीत राहिला की पॉप एकदम सुटून पडत नाही, तो सरकतो. रोज थोडा थोडा खाली. जिथून सरकला तिथे वरच्या बाजूला चिकट चंद्रकोर उरते आणि तिच्यावर धूळ, खिशातली रुई, कागदाचे कण बसून ती काळी पडते, नखाने खरवडली तरी निघत नाही, स्पिरिटच लागतं. आणि कव्हर सिलिकॉनचं असेल तर उन्हाळ्यापर्यंतही थांबायला नको, सिलिकॉनवर हा गोंद धरतच नाही. कडक प्लास्टिकचं कव्हर पाहिजे, ते स्पिरिटने पुसून, पूर्ण वाळवून, मग दाबून लावायचं आणि काही तास तसंच ठेवायचं. दुकानात कोणी हे करत नाही. मी जिथून घेतलं तिथल्या पोराने शर्टाला कव्हर पुसलं, खटकन लावून दिलं आणि म्हणाला, "भाऊ, आता काही उखडत नाही." म्हटलं उन्हाळ्यात पण? तर म्हणे, "उन्हाळ्याची गॅरंटी तर कोणीच देत नाही नं भाऊ." ते सिलिकॉनच्या कव्हरवर लावू नका एवढं तरी गिऱ्हाइकाला सांगायला पाहिजे होतं, मला ह्याचा खरंच राग आला, कारण पन्नास रुपयाची वस्तू सुटली की फरशीवर पडतो तो वीस हजाराचा फोन.

रिंग म्हणजे मागे चिकटवायची, बोट अडकवायची धातूची कडी, तिच्यात मला फारसा रस नाही. पातळ असते, स्टँड म्हणून बरी, पण बोट एकच अडकतं, धातू कापतो, उन्हात चटका बसतो आणि काही महिन्यांत बिजागरी ढिली पडून कुळकुळ वाजते. वायरलेस चार्जिंग करणाऱ्यांनी तर घेऊच नये, मध्ये धातू आला की चार्जिंग होत नाही आणि तो गरम होतो.

मॅग्नेटवालं प्रकरण, मागे चुंबकाने चिकटणारी ग्रिप, आयफोन 12 पासून, म्हणजे 2020 पासून जोरात आहे. काढता येतं, लावता येतं, ही सोय मोठी. पण मॅग्नेट सरळ ओढला तर घट्ट असतो, बाजूला सरकवला तर पटकन सुटतो, आणि हातात फोन धरल्यावर जोर बाजूनेच जास्त पडतो. अँड्रॉइडच्या साध्या कव्हरला वेगळी लोखंडी चकती चिकटवावी लागते, म्हणजे पुन्हा गोंद आलाच.

आता पट्टा. कव्हरला मागे दोन चिरा असतात, त्यातून दोनेक सेंटीमीटर रुंद इलास्टिक ओवलेलं, त्याची टोकं आतून कव्हर आणि फोनच्या मध्ये दाबलेली. सुटायला काही चिकटवलेलंच नाही, त्यामुळे ऊन किती का असेना. मधलं बोट आणि अनामिका आत घातली की फोन बोटांवर निजतो, करंगळी मोकळी, अंगठा मोकळा. अग्रसेन चौकातून मेट्रोत चढलो की एक हात वरच्या कड्याला, दुसऱ्या हातात फोन, सीताबर्डीला ऑरेंज लाईनसाठी उतरताना मागून धक्के बसतात तरी फोन हातातून हलत नाही, पाहिजे तर पाचही बोटं उघडून पहा. खिशात जातो, टेबलावर बऱ्यापैकी सपाट बसतो. तोटे आहेत. आतल्या टोकांमुळे कव्हर मध्ये किंचित फुगतं, घामाने इलास्टिक मळतं (काढून साबणाने धुवा, सावलीत वाळवा) आणि वापरून वापरून सैल होतं, मग बदलावं लागतं. पट्ट्यासकट कव्हर मला दोन-अडीचशेत मिळालं.

आमच्या आईचा अंगठ्याचा सांधा दुखतो, तिला पट्ट्यात बोटं घालायला-काढायला जड जातं, तिच्यासाठी मनगटाची दोरी घेतली. कव्हरच्या आत ठेवून चार्जिंगच्या भोकातून बाहेर येणारी पातळ पट्टी असते, तिला दोरी अडकवायची. पकड सुधारत नाही, पण निसटला तर फोन मनगटाला लटकतो, भाजी घेताना तिला तेवढं पुरतं. तिच्या फोनचा कीबोर्ड मी एका बाजूला सरकवून दिला, जीबोर्डमध्ये, म्हणजे गूगलच्या कीबोर्डमध्ये, एका हाताचा मोड असतो, फुकटात आहे, कोणी वापरत नाही.

पट्टा घ्यायला जाल तर फोन सोबत न्या आणि कव्हर चढवूनच बोटं घालून पहा. दोन बोटं आत गेल्यावर इलास्टिक थोडं ताणलं पाहिजे, पण बोटं निळी पडायला नको. चिरा मधोमध असतील तर अंगठा खाली पोचत नाही, मध्यापासून जरा खाली असलेलं कव्हर मागा, फार खाली असेल तर फोन पुन्हा पुढे झुकतो. आणि चिरांच्या कोपऱ्यांवर नख फिरवा, तिथे आधीच बारीक तडा असेल तर ते कव्हर परत ठेवा, फाटायला सुरुवात तिथूनच होते.