व्हेनिसची वॉकिंग टूर: 396 युरो पाण्यात

व्हेनिसला जाणार असाल तर वाचाच. आम्ही चौघे, माणशी 89 युरो, म्हणजे 356. त्यात डोजे पॅलेस (व्हेनिसच्या जुन्या शासकांचा राजवाडा) रांगेत न थांबता, त्याला जोडलेला उसाशांचा पूल (ब्रिज ऑफ साइज) आतून आणि वर गोंडोला राईड. पैसे पुण्यातूनच कार्डाने भरले. टूरच्या दिवशी सकाळी गाईडने 'सिटी फी' म्हणून माणशी 10 युरो रोख उकळले. एकूण 396, आपले जवळपास 40 हजार रुपये.

ती फी खोटी नाही, तिथेच तर गोम आहे. 2024 पासून दिवसापुरतं येणाऱ्यांना ती ठरावीक तारखांना भरावी लागते. पण मुक्काम महापालिकेच्या हद्दीत असेल तर माफ, फक्त ऑनलाइन नोंद करून क्यूआर कोड घ्यायचा. आमचं हॉटेल मेस्त्रेत, म्हणजे हद्दीतच! रोख कुणाच्या हातात देऊ नका.

सगळ्यात जास्त चडफड होते ती रिआल्तो पुलाजवळची. समोरून दोन पोलीस आले. गाईडने गटाला खूण म्हणून वर धरलेली छत्री चटकन मिटून बगलेत मारली आणि म्हणाला, "पाच-पाच जण सुटे चाला, गल्ली अरुंद आहे." व्हेनिसमध्ये रुंद गल्ली असते कुठे? तिथे परवान्याशिवाय गाईडगिरी चालत नाही आणि एका गटात 25 च्या वर माणसं नेता येत नाहीत. आमच्या गटात तीसहून जास्त जण होते. त्याच्या गळ्यात दोरी होती, बिल्ला मात्र शर्टाच्या खिशात खुपसलेला. बायको म्हणाली, "अहो, हा लपतोय का?" पण आईचे गुडघे, ते ऊन, मागून रेटणारी गर्दी, अशात बिल्ला कोण तपासत बसणार?

पॅलेस म्हणे "आज बंद". डोळ्यांदेखत लोक तिकीट दाखवून आत जात होते. उसाशांचा पूल दाखवला तो शेजारच्या पुलावरून, जिथून तो कुणालाही फुकट दिसतो. आतून जायचं तर पॅलेसचंच तिकीट लागतं, ते त्यांच्या साइटवरूनच काढा. आणि गोंडोला? ग्रँड कॅनॉल ओलांडून देणारी नाव, त्रागेत्तो. दिसायला तशीच, भाडं 2 युरो. आई नीट टेकते न टेकते तोच उतरा! खऱ्या गोंडोलाचा दर ठरलेला आहे: दिवसा अर्ध्या तासाला 90 युरो, माणशी नव्हे, अख्ख्या नावेचे.

तिथल्या पोलिसांनी सांगितलं, पैसे भारतातून भरलेत, तिथे तक्रार करा. इथले सायबरवाले म्हणतात, प्रकार परदेशात घडला. बँक म्हणते, ओटीपी तुम्हीच दिलात, टूरला गेलात, म्हणजे सेवा मिळाली. अरे, कसली सेवा! पावती, चॅट, फोटो, सगळं बँकेला पाठवलं. त्यावर उत्तर काय, तर "पॅलेस आतून पाहिला नाही याचा पुरावा जोडा." टूरवाल्याच्या नंबरवर निळी टिक येते, उत्तर येत नाही. आता बँकिंग लोकपालाकडे अर्ज करतोय. न पाहिलेल्या पॅलेसचा फोटो कसा काढतात हे कुणाला ठाऊक असेल तर कळवा, अर्जाला जोडायचा आहे.