घरून काम करणाऱ्यांसाठी टेलस्केल: आमच्या लेखापरीक्षण कार्यालयाचा अनुभव

पुण्यातील आमच्या लेखापरीक्षण कार्यालयात गेल्या जूनपासून घरून काम करणारे सर्वजण टेलस्केल, म्हणजे घरचा लॅपटॉप ऑफिसच्या संगणकाशी सुरक्षितपणे जोडणारे सॉफ्टवेअर, वापरत आहेत. दरमहा जीएसटी विवरणपत्रांची घाई आणि कर लेखापरीक्षणाचा सप्टेंबरचा हंगाम या दोन्हींमध्ये ते वापरून झाल्यामुळे आता त्याविषयी जबाबदारीने लिहिता येईल. आमचे सहकारी टॅली आणि एक्सेलमध्ये निष्णात आहेत. नेटवर्क हा त्यांचा विषय नाही आणि तो असावा अशी अपेक्षाही कोणी धरू नये, हीच माझी या लेखनामागची भूमिका आहे.

आधीची व्यवस्था राउटरमधल्या व्हीपीएनची, म्हणजे इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कपर्यंत नेणाऱ्या खासगी जोडणीची, होती. तिच्यासाठी जादा पैसे भरून स्थिर आयपी पत्ता (इंटरनेटवरचा कधी न बदलणारा आकड्यांतला पत्ता) घेतलेला होता आणि सर्वांना मिळून एकच पासवर्ड होता. रोज सकाळी आधी व्हीपीएन जोडायचा, तो जोडला गेल्याची खात्री करायची, मग आकड्यांतला पत्ता टाकून ऑफिसमधला आपला संगणक उघडायचा, असा क्रम प्रत्येकाला पाठ करावा लागे. त्यात कुठे अडले तर पडद्यावर येणारा संदेश इतका त्रोटक असे की फोनवर मदत करणाऱ्यालाही नेमके काय बिघडले ते उमगत नसे. शिवाय आमचा व्हीपीएन एलटूटीपी या जुन्या पद्धतीचा होता आणि अँड्रॉइड १२ पासून त्या पद्धतीची नवी जोडणी फोनवर करताच येत नाही, त्यामुळे नवा फोन घेतलेल्यांची वाट आपोआप बंद झाली.

टेलस्केलचा पाया वायरगार्ड हे व्हीपीएनचे आधुनिक तंत्र आहे, जे २०२० मध्ये लिनक्स या संगणक प्रणालीच्या ५.६ या आवृत्तीपासून तिच्या गाभ्यातच समाविष्ट झाले. माहितीचे कुलूप उघडणारी प्रत्येक उपकरणाची खासगी किल्ली (एक गुप्त संकेत) त्या उपकरणातच राहते आणि टेलस्केल कंपनीचा सर्व्हर फक्त सार्वजनिक किल्ल्यांची देवाणघेवाण घडवतो. दोन्ही बाजूंचे संगणक स्वतःहून बाहेर संपर्क साधतात, त्यामुळे ऑफिसच्या राउटरवर बाहेरून आत येण्याचे एकही दार (पोर्ट) उघडे ठेवावे लागत नाही आणि स्थिर पत्त्याचीही गरज उरत नाही. आपल्याकडे मोबाइल इंटरनेटवर आणि अनेक ब्रॉडबँड जोडण्यांवर बऱ्याच ग्राहकांमध्ये मिळून एकच सार्वजनिक पत्ता वाटलेला असतो, हे लक्षात घेतले तर या गोष्टीचे मोल कळते. थेट मार्ग सापडला नाही तर माहिती मध्यस्थ सर्व्हरमार्गे जाते. ती तेव्हाही कूटबद्धच, म्हणजे मधल्या कोणालाही वाचता येणार नाही अशी, असते, मात्र वेग जाणवण्याइतका कमी होतो.

कर्मचाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर ऑफिसच्या ईमेल खात्याने एकदा लॉगिन करायचे आणि डेस्कटॉपवरील चिन्हावर दोनदा क्लिक करायचे, एवढेच काम उरते. जोडणी पार्श्वभूमीवर सतत चालू असते. त्यांचे बाकीचे इंटरनेट नेहमीच्याच मार्गाने जाते, म्हणून ती चालू राहिल्याने कोणाचे काही अडत नाही. संगणकाला नाव दिलेले असल्याने आकडे लक्षात ठेवावे लागत नाहीत. आमचे सर्वांत ज्येष्ठ अकाउंटंट, ज्यांना ऑफिसात सारे काका म्हणतात, आता साताऱ्याहून कोणालाही फोन न करता काम सुरू करतात, आणि माझ्या मते या व्यवस्थेची खरी कसोटी तीच होती.

हे सोपेपण मिळवण्यासाठी व्यवस्था लावणाऱ्याला मात्र पुष्कळ विचार करावा लागतो. टॅलीचा डेटा ऑफिसच्या सामायिक फोल्डरमधून थेट घरच्या लॅपटॉपवर उघडू नये. प्रत्येक लहानसहान वाचनासाठी ऑफिसपर्यंत फेरी होते, काम रखडते आणि मध्येच जोडणी तुटली तर डेटा बिघडण्याचा धोका असतो. म्हणून आम्ही प्रत्येकाला ऑफिसमधल्या त्याच्याच संगणकाचा रिमोट डेस्कटॉप दिला, म्हणजे काम ऑफिसच्या संगणकावरच चालते आणि घरी फक्त त्याचा पडदा दिसतो. त्यासाठी ऑफिसच्या संगणकावर विंडोजची प्रो आवृत्ती लागते, होम आवृत्तीत ही सोय नाही. संगणक झोपी जाणार नाही, आणि गुरुवारी देखभालीसाठी वीज गेल्यास ती परतताच तो आपोआप चालू होईल, या दोन्ही सेटिंग्ज आधीच करून ठेवाव्यात. दुसरी सेटिंग बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, असते.

डिजिटल सिग्नेचरच्या टोकनबद्दल (सहीसाठी यूएसबीमध्ये लावायच्या छोट्या उपकरणाबद्दल) सविस्तर सांगणे भाग आहे, कारण विवरणपत्र भरण्याचे काम शेवटच्या क्षणी तिथेच अडते. टोकन ऑफिसच्या संगणकाला लावून ठेवले तर रिमोट डेस्कटॉपमध्ये ते सहसा दिसत नाही, कारण विंडोज अशा वेळी समोरच्या, म्हणजे घरच्या लॅपटॉपच्या स्मार्ट कार्डकडे पाहते (टोकनलाही विंडोज स्मार्ट कार्डच समजते). टोकन घरी लॅपटॉपला लावून रिमोट डेस्कटॉपच्या स्थानिक साधनांमध्ये स्मार्ट कार्डचा पर्याय निवडलेला असेल तर सही होते. स्वाक्षरी करणारी व्यक्ती आणि तिचे टोकन एकत्र असणे कायद्याच्या दृष्टीनेही योग्यच आहे.

दुसरी काळजी परवानग्यांची. सुरुवातीच्या नियमांनुसार नेटवर्कमधले प्रत्येक उपकरण इतर सर्व उपकरणांपर्यंत पोहोचू शकते, आणि आमच्यासारख्या कार्यालयात ते चालण्यासारखे नाही. अशिलाची माहिती त्याच्या संमतीशिवाय उघड करणे हे सनदी लेखापाल अधिनियम, १९४९ नुसार व्यावसायिक गैरवर्तन ठरते. म्हणून ज्याला त्याला फक्त स्वतःच्या संगणकापर्यंत आणि केवळ रिमोट डेस्कटॉपपुरताच प्रवेश आहे. कोणी नोकरी सोडली की टेलस्केलमधले त्याचे खाते बंद करायचे, म्हणजे प्रवेश संपतो. बाकीच्यांचा पासवर्ड बदलत बसावे लागत नाही. कंपन्यांनी स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी चालवलेले व्हीपीएन सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ मधील, व्हीपीएन पुरवणाऱ्यांनी ग्राहकांची नोंद ठेवण्याच्या नियमाबाहेर आहेत, हे त्या संस्थेच्या खुलाशात स्पष्ट केलेले आहे.

नव्या उपकरणाची किल्ली मूळ सेटिंगनुसार १८० दिवसांनी कालबाह्य होते आणि पुन्हा लॉगिन करावे लागते. लॅपटॉपसाठी ही मुदत आम्ही तशीच ठेवली आहे, कारण हरवलेले उपकरण कायमचे आत राहणे परवडणारे नाही. पण ती तारीख विवरणपत्रांच्या आठवड्यात येणार असेल तर आधीच्या शनिवारी प्रत्येकाकडून लॉगिन करवून घेतो. ऑफिसमधल्या संगणकांची मुदत मात्र पहिल्याच दिवशी बंद करावी, कारण तिथे रविवारी लॉगिन करायला कोणी बसलेले नसते. प्रशासकाचे अधिकार किमान दोघांकडे असावेत. आमच्याकडे दुसरे खाते एका भागीदाराच्या नावे आहे.